एक धून, अनेक रात्री: जॉन मॅक्लॉफ्लिन यांची लाइव्ह रेकॉर्डिंग

जयपूरच्या राजा पार्कातून मी बोलते आहे आणि ऐकणारे तुम्ही नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा कुठकुठल्या गावांतले. आपल्या या मालिकेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या कलाकाराच्या चार-चार लाइव्ह रेकॉर्ड निघतात आणि त्यांत त्याच त्या रचना असतात. मग एक चांगली रेकॉर्ड ऐकली की झालं, बाकीच्या कशाला ऐकायच्या?

गंमत अशी, की हाच प्रश्न आपण रागसंगीताबद्दल विचारत नाही. किशोरीताईंचा भूप एकदा ऐकला, आता दुसऱ्या मैफलीतला कशाला, असं कोणी म्हणत नाही. उलट, "अमुक साली अमक्या ठिकाणी जो लागला होता ना..." अशी वाक्यं आपल्या घरोघरी बोलली जातात. म्हणजे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. गिटारच्या बाबतीत ते आपण लावून बघत नाही, एवढंच. आज ते लावून बघू या. त्यासाठी मी निवडलेले वादक आहेत जॉन मॅक्लॉफ्लिन. कारण त्यांच्या लाइव्ह रेकॉर्डिंगचा पन्नास वर्षांचा प्रवास न्यूयॉर्कहून निघतो आणि मुंबईत येऊन पोचतो.

हे गृहस्थ कोण?

मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. १९६९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि माइल्स डेव्हिस या थोर जॅझ ट्रम्पेटवादकाच्या रेकॉर्डवर वाजवू लागले. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःचा बँड काढला. त्याचं नाव महाविष्णू ऑर्केस्ट्रा. 'महाविष्णू' हे नाव त्यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलं होतं.

तो काळ प्रोग्रेसिव्ह रॉकचा. तीन मिनिटांचं गाणं सोडून लांबलचक रचना करायच्या, ताल मोडायचे, वेगवेगळ्या परंपरा एकत्र आणायच्या, असा तो बाणा. महाविष्णू ऑर्केस्ट्राला जाणकार जॅझ-रॉक म्हणतात, पण प्रोग्रेसिव्ह रॉकचे श्रोते त्याला आपलाच मानतात. साधं रॉक चार मात्रांत चालतं. ही मंडळी सात, नऊ, दहा मात्रांत वाजवायची. रूपक आणि झपताल कानावर असलेल्या आपल्या श्रोत्याला ते फार परकं वाटत नाही. बाकी आवाज मात्र कान फाडणारा, हे आधीच सांगून ठेवते!

सेंट्रल पार्क, १९७३

जून १९७३ मध्ये हा बँड लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत नवी रेकॉर्ड करायला बसला. काम बरंच झालं, पण वादकांमध्ये मतभेद झाले आणि ती रेकॉर्ड बाहेर आलीच नाही. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि त्याचं ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या रेकॉर्डच्या जागी प्रसिद्ध केलं गेलं. नाव होतं 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी'. त्या वर्षाअखेरीस या मूळ संचाचा बँड फुटला.

ट्रायडेंटच्या टेप्स पुढे तब्बल २६ वर्षांनी, १९९९ मध्ये बाहेर आल्या. तेव्हा श्रोत्यांना पहिल्यांदा तुलना करता आली. 'ड्रीम' नावाची रचना स्टुडिओत सुमारे ११ मिनिटांची आहे. सेंट्रल पार्कमध्ये तीच २१ मिनिटांची झाली.

ही वाढलेली दहा मिनिटं आली कुठून? रचनेचा ठरलेला भाग दोन्हीकडे तोच आहे. फुगली ती मधली जागा, जिथे एक वादक काहीतरी सुचवतो, दुसरा ते उचलतो, तिसरा त्याला उलटं उत्तर देतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बंदिश तेवढीच राहिली, विस्तार वाढला. स्टुडिओत घड्याळ असतं आणि भाड्याचे तास असतात. मंचावर समोर माणसं असतात, आणि ती ऐकत आहेत हे वादकाला कळत असतं.

यातला आणखी एक मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याला सवय आहे की स्टुडिओतलं ते 'मूळ' आणि मंचावरची ती त्याची आवृत्ती. इथे जगाने २६ वर्षं मंचावरचंच मूळ मानलं. स्टुडिओतलं मागाहून आलं आणि कच्च्या खर्ड्यासारखं वाटलं. मूळ कुठलं, हा प्रश्नच मग फारसा उरत नाही.

शक्ती: पहिलीच रेकॉर्ड मैफलीची

एवढ्या मोठ्या आवाजानंतर मॅक्लॉफ्लिन एकदम वळले. त्यांनी अमेरिकेतच डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले. मग व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक विक्कू विनायकराम, मृदंगमवादक रामनाद राघवन आणि आपल्या माहीमचे झाकिर हुसेन यांच्यासोबत त्यांनी 'शक्ती' हा गट उभा केला. गिटार आता बिनविजेची.

ती गिटारही साधी नव्हती. गिब्सन कंपनीत एब्रहम वेक्टर या कारागिराने ती खास त्यांच्यासाठी बनवली. नेहमीच्या सहा तारांखालून आडव्या जाणाऱ्या आणखी सात तारा तिला होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं होतं. आडव्या तारा स्वराचा भरणा देतात. लाकूड कोरल्यामुळे तार खाली दाबायला आणि बाजूला ओढायला जागा मिळते, म्हणजे मींड घेता येते. इथे जयपूरमध्ये पंडित विश्वमोहन भट्ट यांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. त्यांच्या मोहनवीणेत बोटांऐवजी तारेवरून धातूची कांडी सरकते, आणि सुरावटीच्या तारांच्या जोडीला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा असतात. दोघांची अडचण एकच होती: पडद्यापडद्याने चालणाऱ्या गिटारवर दोन स्वरांमधला रस्ता कसा दाखवायचा?

शक्तीची पहिली रेकॉर्ड ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ हॅम्प्टन कॉलेजमध्ये झालेल्या कार्यक्रमाची आहे. ती १९७६ मध्ये बाहेर आली. नव्या गटाने स्टुडिओत जाण्याआधी थेट मैफलीचीच रेकॉर्ड काढावी, हे त्या धंद्यात नेहमीचं नव्हतं. तिच्यात एक रचना १८ मिनिटांची आहे आणि एक २९ मिनिटांची.

आता इथे यंत्राचा भाग समजून घ्यायला हवा. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त बसवायची तर खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आणि मग आवाज लहान होतो, खर्ज पातळ होतो. म्हणजे २९ मिनिटांची रचना अखंड ठेवायची तर आवाजाची किंमत मोजावी लागते. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर तर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे आपल्या जुन्या गवयांचा ख्याल आपल्यापर्यंत चिमूटभरच पोचला. सीडी आली आणि हद्द ७४ मिनिटांच्या पुढे गेली. १९९७ च्या शक्तीच्या मैफलींतली 'मुक्ती' ही रचना सीडीवर एक तासाहून जास्त आहे. ती १९७५ साली वाजली असती तरी अखंड छापता आली नसती. जुन्या रेकॉर्डवर कलाकार 'थोडक्यात' वाजवतो असं वाटलं, तर आधी बघा, की थोडक्यात कोण आवरत होतं, कलाकार की तबकडी.

'लोटस फीट': तीन रात्री

आता आजच्या भागाचा गाभा. 'लोटस फीट', म्हणजे चरणकमल, ही मॅक्लॉफ्लिन यांची एक छोटी, संथ धून. ती लक्षात राहायला दोन वेळा ऐकणं पुरे. म्हणूनच तुलनेला ती उत्तम.

पहिली रात्र १९७५ ची, साउथ हॅम्प्टन कॉलेजची. इथे गिटारच्या जोडीला एल. शंकर यांचं व्हायोलिन आहे. धून पाच मिनिटांच्या आत संपते. दोन मोठ्या, धावत्या रचनांच्या मधोमध ती ठेवलेली आहे, म्हणून ती विसाव्यासारखी येते.

दुसरी १९९७ ची, इंग्लंडमधल्या दौऱ्यातली. 'रिमेंबर शक्ती' या नावाने तिच्या सीडी १९९९ मध्ये निघाल्या. व्हायोलिनच्या जागी आता पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे आणि मॅक्लॉफ्लिन यांच्या हातात विजेची गिटार. धून सात मिनिटांच्या आसपास गेली. व्हायोलिनचा स्वर गजाने लांबतो, बासरीचा श्वासाने. श्वास संपतो तिथे वाक्य संपतं, आणि त्या थांब्यांनी धुनेची चालच बदलते.

तिसरी त्यानंतर दोनच वर्षांची, युरोपच्या दौऱ्यातली. रेकॉर्डचं नाव 'द बिलिव्हर', साल २०००. इथे यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन आहे. मेंडोलिनचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो. म्हणून जिथे बासरी एक स्वर धरून ठेवते, तिथे मेंडोलिन त्या स्वराभोवती गमकांची वीण घालतं.

तिन्ही वेळा धून तीच, मालक तोच. बदलला तो शेजारी, आणि शेजारी बदलला की मालकही वेगळा वागतो. श्रीनिवास यांच्यासोबत गिटारला मागे सरून ऐकावं लागतं, कारण दोन्ही वाद्यं छेडण्याची, दोघांचा स्वर एकाच जातीचा. चौरसियांसोबत तसं नाही, तिथे गिटार खाली नक्षी काढत राहू शकते.

हे कुठल्याही एका रेकॉर्डमधून कळत नाही. तीन शेजारीशेजारी ठेवल्या तरच कळतं. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एकाच रचनेची चार लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे एका माणसाचे चार वयांतले फोटो असतात. एक फोटो बघून तो कसा दिसतो ते कळतं. तो कसा बदलत गेला, ते कळायला चारही लागतात.

'लाइव्ह' म्हणजे नक्की काय?

हे रेकॉर्डिंग मी राजा पार्कातल्या एका खोलीत करते आहे. नीट कान दिलात तर गल्लीतली एखादी स्कूटर, भाजीवाल्याची हाक तुम्हाला ऐकू येईल. माइक एकच आहे आणि त्याला माझं बोलणं नि बाहेरचा आवाज वेगळे करता येत नाहीत. हे सगळ्यात साधं लाइव्ह रेकॉर्डिंग.

मोठ्या कार्यक्रमात प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक असतो आणि प्रत्येकाचा आवाज टेपच्या वेगळ्या पट्टीवर जातो. मग नंतर स्टुडिओत बसून तबला थोडा वर, गिटार थोडी खाली, टाळ्या मध्येच, असं करता येतं. चुकलेला स्वर पुसून नवा घालता येतो. दोन रात्रींचे तुकडे जोडता येतात. म्हणून वेष्टनावर 'लाइव्ह' लिहिलं की सगळं जसंच्या तसं, असं समजू नये.

प्रसिद्ध उदाहरण घ्या. मॅक्लॉफ्लिन, स्पेनचे पाको दे लुसिया आणि अमेरिकेचे अल डि मिओला, तीन गिटारवादक. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये ते वाजले. 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' ही त्या रात्रीची रेकॉर्ड १९८१ मध्ये निघाली आणि जगभर गाजली. तिच्यातली शेवटची रचना, 'गार्डियन एंजल', मात्र त्या रात्रीची नाहीच, ती स्टुडिओतली आहे. ही लपवाछपवी नव्हे, माहितीत तसं दिलेलं असतं. पण ते वाचतो कोण?

आणि उलट उदाहरण आमच्या जयपूरचं. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चर्चमध्ये रेकॉर्ड झाली. दोघांची ओळखही नुकतीच झालेली, तालीम नाही, श्रोतेही नाहीत. तिला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. टाळी एकही नाही, तरी तिच्यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी घडलेली. याच्या दुसऱ्या टोकाला शक्तीची २०२३ ची 'धिस मोमेंट' ही रेकॉर्ड: वादक वेगवेगळ्या देशांत, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी वाजवलेलं. तिलाही २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेव्हा लाइव्हची खूण टाळ्यांत शोधू नका. एकाने वाजवलेलं दुसऱ्याने त्याच क्षणी ऐकून उत्तर दिलं का, ते बघा.

लंडन १९८९, मुंबई २०००

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मॅक्लॉफ्लिन तिघांच्या संचात वाजले. बेस गिटारवर काय एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. त्रिलोक म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. खाँसाहेब मूळचे इथल्या उणियाऱ्याचे, शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरला गेले आणि त्यांच्या घराण्याचं 'जयपूर' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी झालं. त्रिलोक जमिनीलगत बसून तबला, ड्रम, झांजा असं सगळं एकत्र वाजवतात, आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवतात. गिटारला मींड मिळावी म्हणून एकाने लाकूड कोरलं, झांजेला मींड मिळावी म्हणून दुसऱ्याने बादली आणली!

मग डिसेंबर २००० मध्ये रिमेंबर शक्ती मुंबईत वाजली. 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही तिची रेकॉर्ड २००१ मध्ये निघाली. झाकिरभाई, श्रीनिवास, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश हे संचातले. पाहुणे म्हणून पंडित शिवकुमार शर्मा, झाकिरभाईंचे भाऊ फजल आणि तौफिक कुरेशी, शिवमणी, आणि चेंबूरमध्ये वाढलेले, मराठी श्रोत्यांचे लाडके शंकर महादेवन. ही रेकॉर्ड १९७५ च्या शेजारी ठेवून ऐका. साउथ हॅम्प्टनला एक इंग्रज वादक आपल्याकडचं शिकलेलं परक्या श्रोत्यांपुढे मांडतो आहे. मुंबईत तोच माणूस हातावर ताल धरणाऱ्या श्रोत्यांपुढे बसला आहे. इथे तो कमी वाजवतो. पाहुण्यांना जागा देतो. पंचवीस वर्षांत मिळवलेली ही गोष्ट कुठल्याही वेगवान तानेपेक्षा मोठी आहे.

टेप राहिली तर

२०१४ मध्ये यू. श्रीनिवास गेले. २०२२ मध्ये शिवकुमारजी गेले. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले. त्या संचाची नवी रात्र आता होणार नाही. जे आहे, ते टेपवर आहे.

आणि टेप जपली तर काय होतं ते बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या शुक्रवारनंतर शनिवारीही तिघे वाजले होते. त्या रात्रीची टेप तशीच पडून होती. २०२२ मध्ये, चाळीसहून जास्त वर्षांनी, ती 'सॅटर्डे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' म्हणून बाहेर आली. पाको दे लुसिया २०१४ मध्येच वारले होते. त्यांच्या चाहत्यांना ते गेल्यावर आठ वर्षांनी त्यांची एक नवी रात्र मिळाली.

तुमच्या घरी, आजोबांच्या कपाटात, अशी एखादी रात्र आहे का? गणेशोत्सवातलं गाणं, गावच्या मंडळातली मैफल, एखाद्या बुजुर्गांचं घरगुती वादन? चुंबकीय टेप कायमची टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, काही टेप्सचा थर चिकट होऊन सुटतो. अशी टेप जबरदस्तीने यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. चांगल्या यंत्रावरून वेव्ह फाइलमध्ये उतरवून घ्या, एमपी-थ्रीत नको, कारण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा कापला जातो. आणि आज, आत्ता, डबीवर चार गोष्टी लिहा: कोण, कुठे, कधी, साथीला कोण. हे सांगू शकणारी माणसं टेपच्या आधी जातात.

एक पथ्य मात्र पाळा. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. घरी ऐकायला जपणं वेगळं आणि जगापुढे ठेवणं वेगळं. बाहेर काढायचं तर कलाकाराला, नाहीतर त्याच्या कुटुंबाला विचारून काढा.

या आठवड्याचा अभ्यास सोपा आहे. 'लोटस फीट' तीनदा ऐका: व्हायोलिनची, बासरीची, मेंडोलिनची. मध्ये एकेक दिवस जाऊ द्या. दर वेळी मुख्य धुनेकडे लक्ष न देता फक्त गिटार शेजाऱ्यासाठी कुठे थांबते, तेवढंच बघा. काय सापडलं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.